फुंकणी जाग्यावर होती

दत्ताचा फोन आला तेव्हा मी दुकानात एका ब्लाउजची बाही उसवत बसले होते. साताऱ्यात माझं शिवणकामाचं लहानसं दुकान आहे. शिकायला येणाऱ्या मुली डावी बाही उजवीकडं लावतात आणि ती उसवणं हे माझं रोजचं काम. दत्ता म्हणजे माझ्या आत्तीचा मुलगा. कवठे महांकाळच्या बाजूला त्यांचं गाव आहे, तिथं तो शेती बघतो. आधी पाऊसपाणी, मग द्राक्षाची छाटणी, मग पोरांच्या परीक्षा आणि सगळ्यात शेवटी मुद्दा, अशी त्याची फोनवर बोलायची रीत. त्या दिवशी त्यानं नुसतं "ताई" म्हटलं आणि थांबला…

"आई गेली," तो म्हणाला. "दुपारी जेवून पडली व्हती. संगीता च्याचा कप द्यायला गेली, तर उठंचना."

संगीता म्हणजे दत्ताची बायको. आत्ती ऐंशीच्या घरात होती. आठवडाभर अंगात कणकण होती, जेवण कमी झालं होतं, हे मला माहीत होतं. अशा वेळी माणूस विचारतं की शेवटी काही बोलली का, किती वाजता न्यायचं ठरलंय. माझ्या तोंडून निघालं, "दत्ता, फुंकणी कुठं होती?" तो म्हणाला, "जाग्यावर हाय. मागच्या फडताळात." दुकानातल्या मुलींना वाटलं असणार, बाईंच्या डोक्यावर परिणाम झाला.

ही फुंकणी म्हणजे चूल फुलवायची साधी लोखंडी नळी. आत्तीच्या काळजात जन्मापासून एक खोड होती. काळीज मधूनच उधळायचं आणि ते थांबवायला ती या फुंकणीत जोरानं फुंकायची. पुढं डॉक्टरांनी ती खोड काढून टाकली. पण गेली काही वर्षं मला संशय होता की ती परत आली आहे आणि आत्ती ती आमच्यापासून लपवते आहे. लपवण्यात तिचा हात कुणी धरला नसता. त्या दुपारी तिला जाग आली असेल, छाती उधळली असेल, फुंकणीपर्यंत पोचता आलं नसेल आणि ती एकटीच… एवढं सगळं माझ्या त्या प्रश्नात होतं. फुंकणी जाग्यावर होती, या उत्तरानं त्यातलं काहीच सुटलं नाही. तिच्या दिवसांना बसले, माणसांना भेटले, घास गिळले, पण तो काटा आत तसाच राहिला.

आज लिहायला बसले आहे ती काटा निघाल्यावर. त्यामुळं लिहिताना मधूनच हसू येतं, त्याचा वाचकांनी राग मानू नये. रागाचं खातं आमच्या घराण्यात आत्तीकडंच होतं.

आत्तीचं माहेर, म्हणजे आमचं मूळ घर, फलटणकडच्या एका उसाच्या गावात. माझे वडील तिच्या पाठचे, ते तिला आक्का म्हणत. तिला दिलं ते कवठे महांकाळच्या माळावर. बागायतीतली पोर जिरायतीत दिली म्हणून माझी आजी हळहळायची, पण जावई फौजेत होता आणि आमच्याकडं त्याचं मोल जास्त. मामा, म्हणजे आत्तीचे यजमान, सुभेदार होऊन परत येईपर्यंत तिनं सासू, जमीन आणि दोन म्हशी एकटीनं सांभाळल्या. वर्षातून दोनदा ती माहेरी यायची. एसटीतून उतरली की आम्ही पोरं आधी तिची पिशवी बघायचो. शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा असायचाच, पण त्याच्याही वर, पिशवीच्या तोंडातून, फुंकणीचं टोक बाहेर आलेलं असायचं. माझी आई हळूच म्हणायची, "आल्या, हत्यार घेऊन आल्या."

कारण तिच्या रागाची ख्यातीच तशी होती. चांगली गप्पा मारत बसलेली असायची, हसत असायची आणि अर्ध्या वाक्यात थांबायची. चेहरा दगडासारखा व्हायचा. कुणाशी न बोलता उठून तडक स्वयंपाकघरात जायची, चुलीपुढं जी कुणी असेल तिला बाजूला सारायची आणि फुंकणी लावून फुंकत सुटायची. फुंकणीचं दुसरं टोक अंगठ्यानं अर्धं दाबून धरायची, त्यामुळं चुलीला वारा कमी आणि आवाज फार. "आत्ती, काय झालं?" विचारलं की तिचं एकच उत्तर ठरलेलं. "काय न्हाई झालं. राग आलाय मला." मग बाहेर खल सुरू व्हायचा. कोण काय बोललं, कुणी तिला पाणी विचारलं नाही, कुणी तिच्याआधी दुसरीला हळदीकुंकू लावलं. शेवटी वडील उंबऱ्याशी उभे राहायचे आणि म्हणायचे, "आक्का, चुकलं आमचं. चल, पान वाढलंय." थोड्या वेळानं ती बाहेर यायची. धुरानं डोळे लाल, कपाळावर घाम, आणि जणू काही झालंच नाही अशी पानावर बसायची. ती उठताना जो कुणी तिच्यासमोर बसलेला असायचा, त्याला पुढं महिनाभर घरातल्यांची बोलणी खावी लागायची. माझ्या धाकट्या काकांनी तर तिच्यासमोर बसणंच सोडून दिलं होतं.

माझ्या लग्नात तिनं कमाल केली. आमच्याकडं लग्नात जेवणापेक्षा फेटे महत्त्वाचे. कुणाच्या पाहुण्यांना आधी बांधायचे यावर सोयरीक मोडायची वेळ येते. माझ्या सासरचे एक चुलते अडून बसले होते की आधी आमच्या सगळ्या मंडळींचे फेटे होतील, मग तुमच्यांना हात लावायचा. वडील नवरीचे बाप, त्यांचा आवाज आधीच बसलेला. आत्ती शेजारीच बसली होती. ती काही बोलायला लागली, थांबली आणि उठली. "आक्का उठल्या," कुणीतरी म्हणालं आणि ते मांडवभर झालं. मांडवामागं आचाऱ्याची भट्टी धडधडत होती, बुंदी पडत होती. आत्तीनं पिशवीतून फुंकणी काढली आणि त्या पेटलेल्या भट्टीपुढं बसून फुंकायला लागली. आचारी काकुळतीला आला. आवं बाई, जाळ लय झालाय, बुंदी करपंल. ती बघेचना. इकडं त्या चुलत्यांना चारचौघांनी इतकं घाबरवलं की ते फेटा हातात घेऊन भट्टीमागं गेले आणि हात जोडून म्हणाले, "आक्का, चुकलं आमचं. चला." मग दोन्हीकडचे फेटे एकाच वेळी बांधले गेले. पुढं सासरी मला कुणी वाकडं बोललं नाही. त्यात निम्मं पुण्य आत्तीच्या त्या फुंकणीचं आहे, हे मी आजही मानते.

गॅस आला, मिक्सर आला, दत्ताच्या घरी मागची चूल फक्त भाकरीला आणि अंघोळीच्या पाण्याला उरली, तरी फुंकणी काही सुटली नाही. आम्ही म्हणायचो, म्हातारपणी माणूस मवाळ होतं, आत्तीचा राग मात्र तसाच आहे. तो तसा का होता, हे कळलं दत्ताच्या धाकट्याच्या बारशाला. पाळणा सजला होता, बायका गाणी म्हणत होत्या आणि आत्ती नेहमीसारखी अर्ध्या ओळीत थांबून उठून गेली. आम्ही एकमेकींकडं बघून हसलो. पोराला कुंची घालून झाली, नाव ठेवून झालं, घुगऱ्या वाटून झाल्या, तरी आत्ती आली नाही. मी समजूत काढायला मागं गेले. ती चुलीला टेकून बसली होती. लुगड्याचा पदर घामानं चिंब झाला होता, ओठ पांढरे पडले होते, फुंकणी मांडीवर आडवी. माझा हात तिनं धरला आणि तो सरळ छातीवर नेला. आत काहीतरी इतकं जोरात धावत होतं की मी हात मागं घेतला.

"थांबत न्हाई गं," ती म्हणाली. "ह्या बारीला थांबत न्हाई."

गाडीतून मिरजेला नेलं. दवाखान्यात एक इंजेक्शन दिलं, त्यानं काळीज क्षणभर अडखळलं आणि मग सरळ चालायला लागलं. ती नंतर सांगायची, मेले व्हते मी, पर लगीच माघारी आले. तिथल्या डॉक्टरांनी छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली, ती निरखून बघितली आणि ठरावीक दिवशी बाहेरून येणाऱ्या दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायचं ठरवलं. हे दुसरे डॉक्टर काळजातल्या विजेचेच डॉक्टर होते. त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं. काळजाच्या वरच्या कप्प्यातून खालच्या कप्प्यात वीज जाते आणि तिनं ठोका पडतो. जायला एकच सरळ वाट असते आणि त्या वाटेवर वीज जराशी अडवून मग पुढं सोडली जाते. आत्तीच्या काळजात जन्मतःच बाजूनं आणखी एक बारीक धागा राहून गेला होता आणि त्याच्यावर अडवणारं कुणीच नव्हतं. कधीतरी वीज एका वाटेनं खाली जायची, दुसरीनं परत वर यायची आणि मग गोल गोल फिरतच राहायची. काळीज बिचारं तिच्यामागं धावत सुटायचं.

आत्तीनं सगळं नीट ऐकून घेतलं. "म्हंजे कुणीतरी आकडा टाकलाय म्हणा की," ती म्हणाली. डॉक्टर शहरातले, त्यांना कळेना. दत्तानं खालमानेनं सांगितलं की मीटर चुकवून थेट तारेवर वायर अडकवतात, त्याला आमच्याकडं आकडा म्हणतात. डॉक्टर पोटभर हसले. म्हणाले, बरोबर आहे आजी, फक्त हा तुम्ही जन्मतानाच टाकून आलात.

मग त्यांनी विचारलं की इतकी वर्षं तुम्ही काय करत होता. आत्तीनं पिशवीतून फुंकणी काढून दाखवली. त्यांना फारसं नवल वाटलं नाही. म्हणाले, जोरानं फुंकून श्वास कोंडला की काळजाला आवर घालणारी एक नस जागी होते, आम्हीही पेशंटला सुई काढलेल्या सिरिंजमध्ये फुंकायला सांगतो. कुणी गार पाण्यात तोंड बुडवतं, कुणी आणखी काही करतं, ज्याला जे सापडेल ते. फुंकणी मात्र मी पहिल्यांदाच बघतोय. आम्हाला बाहेर घेऊन त्यांनी जे सांगितलं ते असं हसण्यासारखं नव्हतं. आजवर निभावलं, पण वय झालं की काळजाच्या वरच्या कप्प्याचा ताल बिघडू शकतो आणि तो बिघडलेला ताल त्या चोरवाटेनं खाली उतरला तर माणूस जागच्या जागी जाऊ शकतं. त्या दिवसापासून ही भीती माझ्या मनात बसली.

दवाखान्यात मी तिच्याजवळ बसले होते तेव्हा ती आपणहून बोलली. परकर-पोलक्यात असताना ते पहिल्यांदा आलं होतं. तिच्या आईनं, म्हणजे माझ्या आजीनं, तोंडावर हात ठेवून सांगितलं होतं की कुणाला सांगू नगंस, पोरीच्या जातीला असलं काय निघालं तर कोण पदरात घील. मग एकदा ओली चिपाडं पेटता पेटेनात म्हणून ती फुंकत होती, छाती उधळलेलीच होती, आणि जोरानं फुंकल्याबरोबर ती एकदम थांबली. तेव्हापासून फुंकणी. रुखवतात तांब्यापितळेच्या भांड्यांत ती जुनी लोखंडी नळी बघून तिच्या सासूला अपमान वाटला होता. नवी नवरी असताना सासरी ते दुखणं आलं तेव्हा सासूनं विचारलं, काय झालं. काय सांगणार? तिच्या तोंडून निघालं, राग आलाय.

"रागीट सून नांदवत्यात गं," आत्ती म्हणाली. "दुखणाईत माघारी धाडत्यात."

पुढं तिची स्वतःची भीती सरली, तशा आम्ही भाच्या लग्नाच्या झालो. घराण्यात काळजाचा रोग आहे म्हटलं असतं तर आमच्या दारात कोण आलं असतं, म्हणून तेव्हाही ती गप्पच. मला त्या दिवशी आणखी एक गोष्ट जाणवली. खरा राग आत्तीला कधी आलेला मी पाहिलाच नव्हता. सासूनं छळलं, मामा वर्षानुवर्षं सरहद्दीवर राहिले, भावांनी जमिनीचं परस्पर ठरवलं, ती कधी हूं की चूं बोलली नाही. रागाची सगळी जागा तिनं त्या आजाराला देऊन टाकली होती. खऱ्या रागासाठी तिच्याकडं काही शिल्लकच नव्हतं.

ऑपरेशनला ती तयार झाली, पण एका अटीवर. गावात सांगायचं नाही. दत्ताची थोरली मुलगी मोठी होत होती. डॉक्टरांनी सांगून बघितलं की हे सहसा घराण्यात उतरत नाही आणि आता तर त्याच्यावर इलाज आहे. आत्ती म्हणाली, तुमास्नी ठावं हाय, पाव्हण्यांना कोण सांगणार? शेवटी गावात आवई उठवली की आक्का मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घ्यायला मिरजेला गेल्या. घरी आल्यावर महिनाभर ती काळा चष्मा लावून ओट्यावर बसायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, आता लय झ्याक दिसतंय. दोन शेजारणींनी तिचं ऐकून त्याच दवाखान्यात डोळे दाखवले.

ऑपरेशन म्हणजे छाती उघडायची नव्हती. मांडीच्या सांध्यातल्या शिरेतून बारीक तारा काळजापर्यंत नेल्या, तो धागा नेमका कुठं आहे हे शोधलं आणि तेवढाच जाळून टाकला. ती जागी होती. धागा सापडावा म्हणून डॉक्टरांनी आधी मुद्दाम तिचं काळीज उधळवलं. पडद्यावर ओळी धावायला लागल्या आणि त्यांनी विचारलं, आजी, हेच का तुमचं? ती म्हणाली, ह्योच त्यो. आणि रडायला लागली. नर्सला वाटलं दुखतंय. मला नंतर ती म्हणाली, "दुखलं न्हाई गं. सगळी जिंदगी त्यो मला एकटीलाच ठावा व्हता. पहिल्यांदाच कुणीतरी त्याला बघितलं." मग जाळलं. पुन्हा उधळवून बघितलं, तर काळीज उधळेना. डॉक्टरांनी परत परत प्रयत्न केला आणि मग सांगितलं की गेला.

नंतरची वर्षं आनंदाची होती. साताऱ्याला ती पहिल्यांदा फुंकणीशिवाय आली तेव्हा स्टँडवर मी सवयीनं पिशवीकडं बघितलं. टोक दिसेना. "बघतीस काय? निम्मं वजन कमी झालंय," ती म्हणाली. मला घेऊन ती अजिंक्यताऱ्यावर चढली. वाटेत दहा ठिकाणी बसली, येणाऱ्या पोरापोरींच्या चौकशा केल्या, एकीला स्वेटरचा टाका शिकवला. वर पोचल्यावर खाली पसरलेला सातारा बघत तिनं माझा हात घेऊन छातीवर ठेवला. "बघ," म्हणाली, "कसं शहाण्यागत चाललंय." लग्नकार्यात ती आता सुरुवातीपासून शेवटपर्यंत बसायची. माणसांनाच चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. एका लग्नात तर मुलाचा बाप येऊन विचारून गेला की आक्का, सगळं बरं हाय न्हवं, तुमी अजून उठला न्हाईसा. पहिल्या वर्षी दोनदा तपासणी झाली, दोन्ही वेळा पट्टी स्वच्छ. डॉक्टरांनी एवढंच बजावलं की क्वचित तो धागा परत जागा होतो, तसं वाटलं तर लगेच या.

आणि मग दत्तानं जुन्या घराशेजारी नवं घर बांधलं, त्याच्या वास्तुशांतीला ती उठली. पाहुण्यांनी घर भरलं होतं. पाण्याची पहिली कळशी घेऊन कुणीतरी आत जायचं होतं. तेवढ्यात आत्तीचा चेहरा तसाच झाला, ती उठली आणि जुन्या घराच्या स्वयंपाकघरात निघून गेली. मी मागोमाग गेले तर ती चुलीजवळ पाटावर बसली होती आणि फुंकणी मांडीवर.

"आत्ती, आलाय का त्यो?"

"न्हाई गं. राग आलाय मला."

तेच वाक्य. आयुष्यभर ज्या वाक्यामागं तिनं ते दुखणं दडवलं, तेच. खरं सांग म्हटलं तर म्हणाली, खरंच सांगतुया. मी दार लोटून घेतलं आणि बाहेर उभी राहिले, म्हणजे तिला निवांत फुंकता येईल. समजूत काढायला माणसं यायला लागली. संगीताची आई, म्हणजे आत्तीची विहीण, हळदीकुंकवाचं ताट घेऊन आली, दत्ता आला, भावकीतल्या दोघी आल्या. मी सगळ्यांना परत पाठवलं. त्यांना जरा एकटं सोडा, बरं वाटू दे. पुष्कळ वेळानं आत्ती बाहेर आली, कुणाशी बोलली नाही, दोन घास खाल्ले आणि उठली. मी तिच्या कपाळाकडं बघितलं, कोरडं होतं. म्हटलं, लवकर थांबलं वाटतं.

त्यानंतर आणखी काही वेळा तसंच झालं. सत्यनारायणाला झालं, नातीच्या साखरपुड्याला झालं. मिरजेला चल म्हटलं की ती म्हणायची, कशाला? मला काय झालंय? दत्ताचा तिच्यावर विश्वास होता. तो म्हणायचा, ताई, तिला आता वयानं राग येतोय. पण जी बाई महिनाभर काळा चष्मा लावून गावाला फसवते, तिच्या शब्दावर मी कशी जाणार? दर फोनला मी आडून आडून विचारायची आणि ती आडून आडून टाळायची. अशीच वर्षं गेली, आणि मग दत्ताचा तो फोन.

दिवसपाणी आटोपून माणसं पांगली. पुढं महिन्याभरानं मी पुन्हा तिकडं गेले तेव्हा दत्ता आणि संगीता जुनं स्वयंपाकघर आवरत होते. फडताळातून संगीतानं फुंकणी काढून माझ्या हातात दिली. "ताई, ही तुमीच न्या," ती म्हणाली. नळीवर धुराची आणि फोडणीच्या तेलाची चिकट पुटं चढली होती. का कुणास ठाऊक, मी ती तोंडाला लावली आणि फुंकलं. हवा जाईना. पुन्हा जोर लावला, गाल फुगले, पण नळी गच्च. दत्तानं ती घेऊन दारातल्या उजेडात धरली.

"कुंभारणीनं घर केलंय," तो म्हणाला.

कुंभारीण म्हणजे ती बारीक कमरेची माशी, भोक दिसलं की चिखल आणून बुजवणारी. दोन्ही तोंडं मातीनं लिंपलेली होती. आणि त्या मातीवरही तेच तेल, तोच धूर, नळीवर होता तसाच चढलेला. एका-दोन उन्हाळ्यांत ते होत नाही. संगीता जवळ येऊन बघायला लागली आणि तिला आठवलं. धाकटा शाळेत जायला लागला त्या वर्षी तिनं ती माती तारेनं काढायला घेतली होती. सासूबाईंनी अडवलं. कुंभारणीचं घर मोडू नये असं त्या मानायच्याच, पण वर म्हणाल्या होत्या, "ऱ्हाऊ दे तिला. मला न्हाई लागत आता ती."

धाकटा शाळेत गेला तेव्हा नव्या घराचा पायासुद्धा खणला नव्हता. मी उंबऱ्यावर बसले. म्हणजे वास्तुशांतीला ही नळी अशीच बंद होती. सत्यनारायणाला बंद होती, साखरपुड्याला बंद होती. त्या दुपारीही तिला हिची गरज पडली नव्हती. ती जेवली, पडली आणि झोपेत गेली. कुणी उधळलं नाही, कुणी धावलं नाही, कुणाला हाक मारायची राहिली नाही. मला हुंदका आला तो सुटल्याचा होता. किती तरी दिवसांनी पोटभर श्वास घेतल्यासारखं झालं.

"ताई," दत्ता हळूच म्हणाला, "मग वास्तुशांतीला काय झालं व्हतं?"

"राग आला होता तिला," मी म्हटलं आणि म्हणता म्हणता सगळं आठवलं. पाण्याची पहिली कळशी. घरची थोरली बाई आत्ती, कळशी तिच्या हातात द्यायला हवी होती आणि गडबडीत कुणीतरी ती तिच्या विहिणीच्या हातात दिली. आयुष्यात पहिल्यांदा तिला खराखुरा, स्वतःचा राग आला होता. ती रीतसर रुसली होती, फुंकणी मांडीवर घेऊन समजूत काढायला कोण येतंय याची वाट बघत बसली होती. आणि मी दारात उभी राहून ताट घेऊन आलेल्या विहिणीला, पोटच्या पोराला, सगळ्यांना परत पाठवत होते. संगीता आधी हसली, मग दत्ता, मग मी. आम्ही तिघं त्या रिकाम्या स्वयंपाकघरात डोळे पुसत हसत होतो.

फुंकणी आता माझ्याकडं आहे. कुंभारणीचं घर मी मोडलेलं नाही. दुकानात कात्र्यांच्या वरच्या खिळ्याला ती टांगली आहे आणि मुली विचारतात, बाई, हे काय? सांगते कधीतरी. पण साताऱ्याला आणली त्या दिवशी मी ती आधी घरी नेली. जेवायची वेळ होती. पाट मांडला, ताट वाढलं, शेंगदाण्याचा एक लाडू ठेवला आणि फुंकणी पाटावर ठेवून उंबऱ्याशी जाऊन उभी राहिले, वडील उभे राहायचे तशी.

"आत्ती, चुकलं आमचं," मी म्हटलं. "चल, पान वाढलंय."